पंचावन्नच्या आत

५ डिसेंबर
५७ किलो ४००. पॅकिंगच्या काट्यावर उभा राहून पाहिलं, सुपरवायझर चहाले गेला होता तेव्हा.
पंधराले अड्याळात कबड्डी. पंचावन्न किलोचा गट. मागच्या साली तीनशे ग्रॅम जास्त भरलो, माझ्या जागी मनिष खेळला. चंद्रकुमार दादा आमच्या आसगावच्या टीमचा कॅप्टन. काल फोनवर म्हणाला, "या साली जास्त भरला तं येऊच नको. मनिष तयार बसून आहे."
रातचं जेवण बंद. दुपारी अर्धं. लिहून ठेवतो, म्हणजे लबाडी करता येणार नाही.

६ डिसेंबर
काहीच नाही. भूकच लागली नाही. लोक उगाच बोंबलतात!

८ डिसेंबर
५६.६००.
हैदराबादच्या या बिस्किट फॅक्टरीत दोन साल झाले. पहिल्या हप्त्यात वासानं डोकं दुखे. मग वास येणंच बंद झालं. आज भट्टीजवळून गेलो — आला! तूप वेगळं, साखर वेगळी, करपलेली कड वेगळी. तिथंच उभा राहिलो. मागून ट्रॉलीवाला ओरडला.
तुटलेलं बिस्किट इथं फुकट खाता येते. मी कधी हात लावत नाही. आज एक तोंडात धरलं, विरघळू दिलं, थुंकलं. थुंकताना जीवावर आलं.

९ डिसेंबर
सूरज — माझ्या खोलीतला, गोंदियाचा — अंडाभुर्जी करून राहिला होता. मी पांघरूण घेऊन पडलो होतो. म्हटलं, "मिरच्या करपल्या तुह्या."
तो पाहून आला. "हाव बे! कुत्रा झाला का तू?"
खरं आहे त्याचं. जिन्यातूनच कळते कोणाकडे काय शिजलं. पोट तसं गप्प आहे. नाक मागते, डोकं मागते. मोबाईलवर एक घंटा जिलेबी तळताना पाहिली. जिलेबी मले आवडतही नाही.

११ डिसेंबर
५५.८००. कारल्याची भाजी गोड लागली. कारल्याची!
बॉक्स मोजताना दोनदा चुकलो. शिव्या खाल्ल्या. त्यानं वजन वाढत नाही.

१३ डिसेंबर
निघताना ५५.१००. उद्या पाणी कमी केलं की झालं.
रेल्वेत समोरच्या बाईनं पुरी अन् आंब्याचं लोणचं काढलं. "खा लो बेटा." म्हटलं, पेट खराब है. डबा बंद झाला, तरी बल्लारशापर्यंत लोणचं माझ्यासोबत होतं.

१४ डिसेंबर
सांजेले घरी पोचलो. अंगणातच भाताचा वास आला. चिन्नोर, या सालचा.
आमच्या घरी नव्या तांदळाचा पहिला भात सगळ्यांनी सोबत खायचा असतो. एक जण बाहेर असला तर तो तांदूळ शिजतच नाही. मी पार विसरलो होतो. बहीण राखी म्हणाली, "तुह्यापायी महिनाभर जुनाच गिळून राहिलो दादा. बस लवकर!"
म्हटलं, मले भूक नाही.
मायनं भाताच्या गंजावर झाकण परत ठेवलं. "तं मंग आम्ही बी उद्याच खाऊ." रागावली नाही. बाबा हात धुऊन बसले होते. ते उठले.
मी बसलो. म्हटलं, एकच घास.
एक घास कोणी खाल्ला आहे? वरण येण्याआधी पहिली वाढ संपली. तिसऱ्या वाढीपर्यंत कोणाशी बोललो नाही. चौथीले तो नुसता भात झाला होता. चांगला — पण भात. तरी पाचवी घेतली.
राखी म्हणाली, "हैदराबादले बांधून ठेवतेत का तुले?"

१५ डिसेंबर
अड्याळ. वजनाची लाईन. माझ्यामागं मनिष. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. मी विचारलं, किती दिवस? म्हणाला, "सहा." मग म्हणाला, "समोसे तळून राहिले न कोणी? ओवा जास्त झाला."
ठेला पार रस्त्याच्या पलीकडे होता. मले कायचाच वास आला नाही.
माझा नंबर आला. मी बाजूले झालो. म्हटलं, "तू चढ."
मी किती भरलो असतो, पाहिलं नाही.