चिमूटभर जवळा

मी, प्रमोदिनी विश्वंभर जोगळेकर, वय छप्पन्न, प्राणिशास्त्राची प्राध्यापिका, राहणार बोर्ली पंचतन, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. थायरॉइडची गोळी चुकली की मी मंदावते. बुद्धी मात्र शाबूत राहते, असं डॉक्टरांनी लेखी दिलं आहे. पुतण्याने शंका काढल्यास तो कागद दाखवावा.

१. घर आणि पोफळीची वाडी पुतण्या यशोधन याला. तिथे पर्यटक खुशाल ठेवावेत, पण 'काकूच्या हातचे मोदक' असा फलक लावू नये. माझे मोदक फुटतात, हे लहानपणी गावभर त्यानेच सांगितलं होतं.

२. काचेच्या बावीस बरण्या कोळीण चंद्राबाईंना. तीस वर्षांपूर्वी खाडीतून बोय माशाची पिल्लं त्याच धरून आणत, पाणी बदलत आणि मला रागवत. निम्म्या बरण्यांत मी थायरॉइडचं संप्रेरक घालत असे. मग झाकण लावून मासे किती प्राणवायू घेतात ते मोजायचं. खोलीला खाडीचा वास, खिडकीत वाळणारं जाळं, त्यांच्या डब्यातली तांदळाची भाकरी. एवढं सुख पुढे कुठल्याच प्रयोगशाळेत मिळालं नाही.

३. माझा प्रबंध कॉलेजात मिरवू नये. संप्रेरकाने प्राणवायूचा खप दीडपट होतो, असं त्यात सोनेरी पुठ्ठ्याआड लिहिलं आहे. पदवीचे पेढे द्यायला गेले तेव्हा चंद्राबाई म्हणाल्या, "तुज्या औशीदवाल्या बरन्यांत मी रोज चिमूटभर सुका जवला टाकत व्हते. आजाऱ्याला उपाशी ठेवतात व्हय गं, बाय?"

सगळे मासे सारखेच उपाशी हवे होते. पोट भरलं की मासाही जास्त प्राणवायू घेतो. मी नेमकं काय मोजलं, संप्रेरक की चंद्राबाईंची माया, देव जाणे. तोंडातला पेढा गिळला आणि अठ्ठावीस वर्षं गप्प बसले.

४. ही सगळी हकीकत लिहिलेली मूळ वही माझ्या पश्चात विद्यार्थिनी क्षिप्रा हिला. माझ्याच आकड्यांवर ती संशोधन करते आहे. परवा तिसऱ्यांदा प्रयोग फसला, तेव्हा म्हणाली, "मॅडम, माझे मासे तुमच्या माशांसारखे वागतच नाहीत. माझाच हात वाईट."

कलम ४ रद्द. आमच्या घरात बायका नव्वदीच्या आत जात नाहीत. तोवर त्या पोरीने स्वतःच्या हाताला दोष देत बसायचं? वही आज दुपारी दिली. आधी ती रडली, मग माझ्यावर भडकली. आत्ता पडवीत चंद्राबाईंना विचारते आहे, "आजी, चिमूटभर म्हणजे नक्की किती?" आणि चंद्राबाई बोटं जुळवून दाखवताहेत.

स्वाक्षरी: प्रमोदिनी वि. जोगळेकर
साक्षीदार: बाळाजी पाटील, प्रणाली तांडेल
बोर्ली पंचतन, ९ मार्च २०२५