विहिरीवरचा आवाज

तेलगाव, माघ वद्य पंचमी

प्रिय राधाकिशन,

दिवसभर कचेरीत उर्दू कागद लिहून तुझा हात भरून येत असेल, तरी बहिणीचं हे वाकडंतिकडं मराठी नेटानं वाच. पंधरवडा झाला, एका गोष्टीचं नवल माझ्या डोक्यातून जात नाही.

तुझे दाजी सध्या इथल्या अर्जुनरावांच्या मळ्यात विहीर खणणाऱ्या गड्यांचे मुकादम आहेत. मी भाकरी घेऊन गेले, तर तिथं गलका. एका अंगाची माती सरकून सटवा नावाचा गडी आत कमरेइतका गाडला गेला होता. काठावरचे गडी ओरडत होते, खालून तो ओरडत होता. यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, काठावर पालथे पडले आणि बुजलेल्या बैलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "सटवा, घाई न्हाई. हात मोकळे हायेत का, तेवडं सांग." मग उत्तराची वाट पाहत राहिले. दोरानं त्याला वर काढल्यावर शिवी नाही, दम नाही. पाणी पाजलं अन् विचारलं, "माती सरकायच्या आदी तुला काय दिसलं?" भिंत ओली दिसत होती, सटवा म्हणाला. त्या अंगाचं काम तिथंच थांबलं.

मी बघतच राहिले. घरी आमच्या कडूच्या हातून कळशी लवंडली तरी हा माणूस आढं हादरेल असा ओरडतो. नऊ वर्षांची पोर; बाप आला की दाराआड. यांना जेवायला वाढताना मी विचारलं, "अवो, तिथं वरडत न्हाई, मंग घरी कावून वरडता?"

"तिथं वरडलो तर माणूस घाबरून मरंल."

"आन् हितं?" एवढंच मी म्हणाले.

पुढं एके दिवशी कडूच्या शेळ्या शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरल्या. हे तणतणत आले, कडू भिंतीला चिकटली. मी मध्ये पडणार तोच ते तिच्यासमोर खाली बसले. तोंड लाल, पण आवाज विहिरीवरचा. "कडू, शेळ्या शिरल्या तवा तुला काय दिसलं?" पोर बोलेना. हे नुसते बसून राहिले. चुलीवरचं वरण बुडाला लागलं, तरी मी हलले नाही. मग ती पुटपुटली, "बा, मला लांबचं दिसतच न्हाई. शेळी हाय का झुडूप, जवळ गेल्याबिगर कळत न्हाई."

"मंग सांगितलं कावून न्हाई, बाई?"

"तुमी वरडता."

हे उठून गोठ्यात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मलाही आई असून कसं कळलं नाही, याचा विचार करते आहे. माणूस एकदम बदलत नाही. परवा पुन्हा ओरडले, पण अर्ध्यावर थांबले आणि कडू चक्क हसली.

आता कशासाठी लिहिते ते सांगते. सोमवारी हे कडूला डोळे दाखवायला बीडला आणताहेत. दिवाळीत यांचं कडूवर ओरडणं ऐकून तू म्हणालास, भाचीला सांभाळीन, पण त्या माणसाचं तोंड बघणार नाही. त्यांना ते ठाऊक आहे, तरी तुझ्याच दारी येताहेत. पोरीच्या देखत त्यांना उंबऱ्याबाहेर उभं ठेवू नकोस. "दाजी, या" म्हण. बाकी भांडण मी आल्यावर माझ्याशी कर.

तुझीच,
रतनअक्का