डावखुऱ्याचा पाचवा पाय

३ सप्टेंबर

आली! शेवटी आलीच ती मेल. नकाशावाली बाई बावीस तारखेला येणार. "तुमची स्लाइड स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे. तिच्याबद्दल महत्त्वाचं बोलायचंय, पण समोरासमोर." म्हणजे ओळखलंच तिनं.

गोड्या पाण्यातले मिलिमीटरभर कोपेपॉड, कोळंबीच्या लांबच्या नात्यातले जीव, त्यांच्या एका अख्ख्या कुळाचा जगाचा नकाशा करतेय ही बाई. बारा वर्षं झाली. चारशेच्या वर प्रजाती, कुठली कुठल्या तळ्यात सापडते, सगळं. कुणाला तीन-तीन खंडांत ठिपके, कुणाला एकाच डोंगराच्या दोन अंगांना. आमच्या डावखुऱ्याला एकच ठिपका. आणि त्या ठिपक्याला पुरावा म्हणून जगात एकच वस्तू आहे, माझ्या कपाटातली ती स्लाइड.

जेवण गेलं नाही.

४ सप्टेंबर

सरांना फोन केला. सांगणं भागच होतं, डावखुरा ही त्यांनीच जाहीर केलेली प्रजाती. ऐंशी ओलांडली, गुडघे कामातून गेलेत, पण आवाज अजून फोन फोडून बाहेर येतो. "मी येणार! खुर्चीत घालून न्या, पण येणार! बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याला भेटायला येतंय."

त्याला म्हणजे डावखुऱ्याला. घरच्या मुलाबद्दल बोलावं तसे बोलतात. मी "हो सर, हो सर" करत राहिले.

७ सप्टेंबर

निदान इथे तरी खरं लिहावं.

मला सरांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागून दोन महिने झाले होते. सरांनी तळ्यातून आणलेल्या बाटलीत माद्या ढीगभर, नर एकच. या कुळात प्रजाती ओळखायची ती नराच्या पाचव्या पायांच्या जोडीवरून. मादीला धरायला एका पायाला आकडा असतो, आणि तो उजव्या पायाला. नेहमी उजव्याच. मी ती जोडी सुईने सोडवली, ग्लिसरिनच्या थेंबात ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. वळून परत बघते तो जोडी थेंबात तरंगतेय! गडबडीत वरची पातळ काच दाबली. सील करायचं लाखेचं द्रावण संपलेलं, म्हणून ताईचं लाल नेलपॉलिश फिरवलं कडेनं. मग चित्र काढलं. आकडा डावीकडे.

सर खुर्चीतून उठलेच. "अगं, हा डावखुरा आहे! जगात नाही असा!"

जोडी उलटली तर उजवं डावं दिसणारच की! पोरासोरांनाही कळेल. पण मी तोंड उघडलं नाही. सर एवढे खूश... आणि मी नवीन. उद्या सांगू म्हटलं. त्या उद्याला बावीस वर्षं झाली. आता जगभरच्या पुस्तकांत प्रजाती ओळखायच्या तक्त्यात पहिलाच प्रश्न असतो: आकडा डाव्या पायाला आहे का? असेल तर हाच. सगळं माझ्या एका दाबलेल्या काचेवर!

९ सप्टेंबर

सात वेळा कपाट उघडलं. सातही वेळा स्लाइड जागेवर. मूर्ख कुठली!

१२ सप्टेंबर

ताईला सांगून टाकलं. ती शिलाई मशीनवर होती, तोंडात टाचण्या. टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "बाही उलटी लागली तर उसवायची आणि परत लावायची. त्यात रडायचं काय एवढं?"

"बाही बावीस वर्षं जगभर घालून फिरलेत गं लोक."

"मग आधी उलटी आहे का ते तरी बघ. तुला तरी कुठे नक्की माहीत आहे?"

हेच तर! नक्की माहीत नाही. कधीच नव्हतं.

१५ सप्टेंबर

तीन दिवस तेच करतेय. पायाची पुढची बाजू कुठली ते बुडाशी असलेल्या दोन काट्यांवरून कळतं. नेमकं तेच बूड माझ्या सुईखाली चिरडलंय. स्लाइड पालथी घालून बघावी तर खालची काच जाड, मोठं भिंग जवळ जात नाही. बाकीचा देह कुपीत होता, त्याचं स्पिरिट केव्हाच उडून गेलं. आणि त्या तळ्यात पुढे कुणीतरी मासे सोडले. सरांनी तीनदा जाळी टाकली, एक मिळाला नाही.

उरला तो एकच मार्ग. काच उघडायची.

१९ सप्टेंबर

सरांनी ताईकडे नवीन शर्ट शिवायला टाकलाय. "कॉलर कडक हवी, परदेशी बाई येतेय," असं बजावून गेला त्यांचा मुलगा. ताई हसली. मला मात्र रडूच आलं, मोरीत जाऊन रडले.

उलटी निघाली तर त्यांच्या हयातीत, त्यांच्यादेखत, त्या नव्या शर्टात बसलेले असताना ती बाई सांगणार: सर, तुमची प्रजाती नाहीच.

२१ सप्टेंबर

केलं.

दुपारी दार लावून बसले. अॅसिटोन लावून नेलपॉलिश सोडवलं, काच बाजूला सरकवली. जोडी थेंबात मोकळी झाली. आता फक्त सुईने वळवायची आणि भिंगातून बघायची. दोन मिनिटांचं काम. हात अजिबात थरथरत नव्हता, हेही लिहून ठेवते. उगाच दोष हातावर नको जायला.

बघायची हिंमत झाली नाही. एवढंच. चुकीची स्लाइड चुकीची ठरते, हरवलेली नुसती हरवते. शंका राहील, पण सर डावखुऱ्यासकट सुखाने जातील. टिश्यूचा तुकडा घेतला आणि थेंब जोडीसकट टिपून घेतला. टिश्यू डब्यात. डबा बाहेर.

वहीत नोंद केली: "सील दुरुस्त करताना नमुना नष्ट." उद्या सकाळी मीच सांगेन दोघांना. दोष माझा, प्रजाती सरांची.

ताईने विचारलं, "बघितलंस?" मी मान हलवली. कसाही अर्थ लावता येईल अशी.

२२ सप्टेंबर

मला बोलूच दिलं नाही! बाई आत आली ती हसत. पर्समधून कुपी काढली. दुसऱ्या खंडातलं, कधी नाव न ऐकलेलं तळं. अकरा नर. सगळे अखंड, अंगाला पाय जोडलेले. मला म्हणाली, "आधी तुम्ही बघा."

बघितलं. आकडा डावीकडे. अकराच्या अकरा.

"हा तुमचाच असेल तर नकाशावर दुसरा ठिपका पडेल," ती सरांना म्हणाली. "दोन्ही पाय शेजारी ठेवून बघितलं की झालं."

सर कडक कॉलरमध्ये वळले. डोळ्यांत पाणी. "अगं, उभी काय राहिलीस? आण की!"