ऐरावताचा डावा पाय

मुलुंड (पूर्व),
दिवाळीच्या आधीचा रविवार

रा. रा. देवव्रतराव, गुणवत्ता विभाग, यांच्या सेवेशी,

तुझे भावोजी श्यामकांत यांचा (कमरेने परवानगी दिली तेवढा) वाकून नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. तुझ्या ताईची चकल्यांशी झटापट चालू आहे, माझी शुगर माझ्यापेक्षा उत्साही आहे, आणि नानांचा डावा हात सोडला तर नानांची तब्येतही ठणठणीत आहे. तिकडे थंडी पडायला लागली असेल. कानाला मफलर बांधत जा. तुझ्या कंपनीचे कान तर कायमचेच बांधलेले असतात, ते आता मला पक्कं ठाऊक झालंय.

मोबाइलच्या जमान्यात पत्र कशाला, असं तुला वाटेल. अरे, फॅमिली ग्रुपवर लिहिलं तर नाना वाचतात, आणि फोनवर बोलायला लागलो तर दुसऱ्या वाक्याला तुझी जयंतीताई माझ्या हातातून फोन काढून घेते. म्हणून कुरियर. नाना आमच्या बाथरूममध्ये घसरले असं तुला कळवलं होतं ना? ते साफ खोटं आहे. आमच्या बाथरूमने आजवर कुणाचं वाकडं केलेलं नाही (त्या टाइल्स मी स्वतः निवडल्या आहेत, तेव्हा हे स्पष्ट करणं भाग आहे). नाना पडले ते तुझ्या कंपनीच्या मोटारसायकलवरून. तीही उभी असताना.

तू स्टाफच्या सवलतीत मिळवून दिलेली माझी ऐरावत १६० तुला आठवत असेलच. हप्ते मी भरतो, पण सोसायटीत तिला 'नानांच्या मुलाची गाडी' म्हणतात, कारण तसा प्रचारच तुझे तीर्थरूप करतात. वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे की प्रत्येक गाडीचा सांगाडा देवू पास करतो तेव्हाच ती कारखान्याबाहेर पडते. दसऱ्याला तिची पूजा नानांनीच केली. टाकीवर स्वस्तिक, हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे खाली उतरले आणि फिरायला जायच्या आधी चंद्रप्रकाशभाईंची (सी विंगचे, सुकामेव्याचं दुकान) वाट बघत नेहमीप्रमाणे तिच्यावर बसले. एका बाजूला दोन्ही पाय सोडून, हातात पेपर. तेवढ्यात टण्ण असा आवाज झाला आणि ऐरावताने डावा पाय टाकला, म्हणजे साइड स्टँड तुटला. गाडी डावीकडे कलंडली ती शेजारच्या स्कूटरवर, ती पुढच्या स्कूटरवर, अशी पाण्याच्या टाकीपर्यंत सगळी रांग झोपली. मी गॅलरीतून बघतो तर नाना खाली, गाडी बाजूला आणि चंद्रप्रकाशभाई वर बघून ओरडतायत, "शामभाई, धावा! तुमचा हत्ती बसला!"

मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. नानांनी प्लास्टर ओलं असतानाच आम्हाला दम भरला, "देवूला यातलं अक्षर कळवायचं नाही. मी बाथरूममध्ये घसरलो. काय?" आता सासऱ्यांपुढे मी 'काय' म्हणणार!

पण स्टँडचा तुकडा मी उचलून ठेवला होता. मी बँकेतला माणूस, लोखंडातलं मला काही कळत नाही. तरी जिथे वेल्डिंग संपतं तिथे तुटलेली अर्धी बाजू गंजलेली आणि अर्धी लख्ख चकचकीत आहे, हे दिसायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. म्हणजे अर्धा स्टँड कधीचाच तुटलेला होता आणि उरलेला अर्धा बिचारा एकटा नोकरी करत होता. तो तुकडा घेऊन मी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथला टायवाला पोरगा तुकड्याकडे बघेचना. त्याचा एकच प्रश्न, गाडी बंद होती तर सासरे बसले कशाला? आता याला काय सांगणार? अरे, मुलुंडमध्ये गाडी चालवायला जागा आहे कुठे? जी काही आहे ती बसायलाच. आमच्याकडे उभ्या गाडीवर बसून लग्नं ठरतात, लग्नं मोडतात, सोसायटीच्या निवडणुका होतात, वडापाव तर खाल्लेच जातात. माझं स्वतःचं तुझ्या ताईशी पहिलं भांडण उभ्या स्कूटरवर झालं, आणि त्या स्कूटरचा स्टँड आमच्या दोघांच्या वजनाने आणि आवाजानेही हलला नव्हता.

मग मी कंपनीला ईमेल केली. उत्तर आलं ते तुझ्याच विभागाकडून (खाली नाव नाही, नुसतं 'गुणवत्ता विभाग', म्हणून मी कुणावर संशय घेत नाही). त्यात म्हटलंय की स्टँड फक्त गाडीचं वजन पेलण्यासाठी असून त्यावर 'अनधिकृत स्थिर भार' टाकल्याने तो तुटला. शिवाय फोटोत हँडलला हार दिसतो, ती 'अमान्य जोडणी' असल्याने वॉरंटी लागू नाही. देवू, अनधिकृत स्थिर भार म्हणजे तुझे वडील. ज्या माणसाने तुला खांद्यावर बसवून गणपती दाखवले, त्यांचा तुझ्या ऑफिसातला हुद्दा हा असा आहे.

मीही गप्प बसणारा नाही. तुमच्या टीव्हीवरच्या जाहिरातीचा फोटो काढून पाठवला. तिच्यात तो दाढीवाला तरुण डोंगराच्या कड्यावर हीच गाडी स्टँडवर लावून तिच्यावर बसलाय, मागे मुलगी, मुलीच्या पाठीला गिटार, समोर सूर्यास्त. म्हटलं, यांचा भार कुणी अधिकृत केला? उत्तर आलं, 'जाहिरातीतील दृश्ये तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चित्रित केली आहेत.' म्हणजे यापुढे नानांना बसायचं असेल तर मी तज्ज्ञ बोलवायला हवा. मी जयंतीला ते वाचून दाखवलं. ती चकलीचा सोऱ्या हातात धरून म्हणाली, "पाठव मला त्यांच्याकडे, मीच बसते."

ग्राहक आयोगात जायचं मी ठरवलं. वकील म्हणाला, तुकडा बोलका आहे, केस पक्की, फक्त जे पडले त्यांनी खरं काय झालं ते सही करून द्यावं. पण नाना सही करेनात. म्हणतात, "मीच नीट बसलो नाही. देवूच्या हातून गेलेला माल असा तुटायचा नाही. माझाच तोल जातो हल्ली." आणि हे ते मला टाळायला म्हणत नाहीत रे, त्यांना ते खरंच वाटतंय. जो माणूस बागेचा कठडा, रिक्षाची मागची सीट, लग्नातली नवरदेवाची खुर्ची असं काही न बघता बसायचा, तो आता घरातल्या खुर्चीवर हात दाबून बघतो आणि मग हळूच टेकतो. फिरायला जाणंही कमी केलंय. परवा मला म्हणाले, "श्याम, माणूस म्हातारा झाला की वस्तूंना आधी कळतं." मला त्या रात्री जेवण गेलं नाही. (जयंतीच्या मते ते चकल्यांमुळे. तिला म्हणू दे.)

असो. पत्र लांबलं. तुझ्या नोकरीवर गदा यावी असं माझ्या मनातही नाही. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य सांग, आणि दिवाळीत फटाके लांबून उडव.

तुझे,
श्यामकांत भावोजी

ता. क. : नुकसानभरपाई मला नको. नवा स्टँड भांडुपला मिळाला, चिवट आहे. आयोगाचा अर्जही मी भरलेला नाही, नुसता घरात मिरवतोय. तू भाऊबीजेला येशील तेव्हा नानांसमोर बस, तो तुकडा हातात घे (टीव्हीखालच्या कप्प्यात आहे) आणि त्यांना तुझ्या तोंडाने सांग की वेल्डिंग कच्चं होतं, तोल पक्का आहे. माझं ते ऐकत नाहीत. मी गुणवत्ता विभागात नाही.

ता. क. २ : एक विचारायचं राहिलं. गणपतीत तू तुझी ऐरावत घेऊन आलास, तेव्हा स्टँड लावूनही तू कंपाउंडच्या कामातला सिमेंटचा ठोकळा आणून फूटरेस्टखाली सारलास. आम्ही तुझ्या काटेकोरपणाला हसलो होतो. तुला माहीत होतं का रे? मला उत्तर लिहू नकोस.

ता. क. ३ : ठोकळा अजून गेटपाशीच आहे. चंद्रप्रकाशभाईंची वाट बघायची असली की हल्ली नाना तो उभा करून त्याच्यावर बसतात. त्याला मात्र हात दाबून बघत नाहीत. म्हणतात, देवूने ठेवलाय, पक्का असणार.