बाळंतिणीची मरळ

कयाधूकाठ, ता. कळमनुरी
४ ऑगस्ट २०२४

चि. माऊलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. फोनवर तू मधेच कट करतोस, म्हणून पत्र लिहिते. शेवटपर्यंत वाच.

रविवारी मित्रांना घेऊन आलास. मला वाटलं, बहिणीला भेटायला आलास. मी इकडे भाकरी टाकत होते आणि तुम्ही फवारणीच्या पंपाची बॅटरी काढून, तारा जोडून डोहात करंट सोडलात. मरळीची लालसर पिल्लं घोळक्याने पाण्यावर दिसली, की आपले वडील, बापू, त्या काठाला जाळंच टाकत नसत. खाली आईबाप राखण करत असतात. तुम्ही नेमकी तिथेच तार टाकलीत. मोठे मासे पोत्यात भरून नेलेत. पिल्लं, झिंगे, बोटाएवढ्या वाम्या तशाच मेलेल्या तरंगत सोडल्यात. तुझे दाजी गळ घेऊन उभे होते, तर तुझ्या मित्राने त्यांना गळ भंगारात घालायला सांगितलं. तू हसलास. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

निलमला जड उचलू देऊ नकोस. लोभ तिच्यावर आहेच, तुझं नंतर बघू.
तुझी पद्माताई

हिंगोली
११ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र निलमला वाचून दाखवलं. ती तुझ्याच बाजूने आहे. अगं, एक दिवस गंमत केली, तर तू राईचा पर्वत केलास. वरच्या गावचेही करंट लावतात. पूर आला की मासे पुन्हा येतील.

आता राग गिळ. निलमचे दिवस भरत आलेत. तुझ्या बाळंतपणात बापू मरळ आणायचे, त्या रश्श्याची तू अजून आठवण काढतेस. निलमसाठीही दाजींना मरळ धरायला सांग. बाजारातल्या माशांवर माझा भरवसा नाही.

दाजींना नमस्कार. लोभ असावा, राग नसावा.
तुझा माऊली

कयाधूकाठ
१५ सप्टेंबर २०२४

चि. माऊलीस,
आशीर्वाद. लेक झाल्याचं कळलं आणि मी गल्लीभर साखर वाटली. राग आपल्या जागी, भाची आपल्या जागी.

तुझ्या मरळीसाठी दाजी पोळ्यापासून डोहावर बसून आहेत. गळाला नुसती चिलापी लागते. पूर येऊन गेला, मरळ आली नाही. कुठून येईल? आईबाप तू पोत्यात नेलेस, पिल्लं मारून टाकलीस. कळमनुरीच्या बाजारात जाऊन आले, तिथेही तळ्यातले कटला नि रोहूच. वरच्या गावच्यांनी शेण खाल्लं, म्हणून आपणही खायचं काय? बाळंतिणीच्या तोंडचा घास तिच्या नवऱ्यानेच काढला, हे मी निलमला सांगणार नाही. तूच सांग.

बारशाला येते. आत्याचं लुगडं घेऊ नकोस. पाळण्यापाशी, सगळ्या पाहुण्यांसमोर, दाजींकडे बघून जबान दे, की कयाधूत पुन्हा करंट लावणार नाही. तोवर मी लेकराच्या कानात नाव सांगणार नाही. बिननावाची राहिली, तर लोकांना कारण तू सांग.

निलमला नि लेकराला पोटभर माया. तुझ्यावरचा लोभ बारशापर्यंत राखून ठेवला आहे.
तुझी पद्माताई