आईचं रक्त, बापाची होडी

मी, इस्मे टर्नक्वेस्ट, वय एकाहत्तर, धंदा पावभट्टी, राहणार लाँग आयलंड, बहामा, पूर्ण शुद्धीवर आणि राजीखुशीने हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तसा प्रयत्न केलेली माणसं गावात अजून माझ्याशी जपून बोलतात.

१. प्रकृतीविषयी. प्रकृती उत्तम, दोन्ही स्तन आणि बीजकोश मात्र नाहीत. आई बेचाळिशीत स्तनाच्या कर्करोगाने गेली, तिच्या दोन्ही बहिणीही त्याच दुखण्याने गेल्या, आणि गाव म्हणालं, करणी. मला गाठ आली तेव्हा नासाउच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताची जनुकीय चाचणी केली. आईकडून आलेला दोष निघाला. त्यावरूनच माझं औषध ठरलं, आणि पुढचा धोका ओळखून उरलेलंही काढून टाकलं. निर्णय माझा होता. पुढच्याच वर्षी सुकाणू धरून मी शिडाच्या होड्यांची शर्यत जिंकले. याचा मला अभिमान आहे आणि तो मी कोणाच्याही नावे करणार नाही.

२. घर, भट्टी आणि साचे भाची वर्नेका हिला, विनाअट. जॉनीकेकमध्ये, म्हणजे आमच्या इथल्या गोडसर पावात, साखर कमी घालावी, एवढी विनंती.

३. वडिलांनी बांधलेली शिडाची होडी धाकटा भाऊ हार्कोर्ट, म्हणजे वर्नेकाचा बाप, याला लहानपणापासून हवी आहे. ती त्याला, पण त्याने तीच चाचणी करून घ्यावी. मी सांगून थकले.

"ताई, बायकांचा रोग तो. मला काय करायचंय?"

"अरे, तुला मुलगी आहे ना? बापाकडूनही येतं ते."

"माझी पोर ठणठणीत आहे. उगाच तिचं डोकं खाऊ नकोस."

वर्नेका म्हणते, "आत्या, बाबांनी केली तर करीन. मी आधी केली आणि काही निघालं, तर ते खचतील." बापाचं मन राखायला पोरगी जीव टांगणीला लावून बसली आहे, याचा मला भयंकर राग येतो. हार्कोर्टने चाचणी केली नाही, तर होडी पलीकडच्या गावच्या पिंडर मंडळींना द्यावी. शर्यतीत ते कायम आमच्या मागे असतात. त्यांना गरज आहे.

४. सहीपूर्वी वाढवलेलं कलम. वरचा मसुदा हार्कोर्टने माझ्या टेबलावर वाचला. जेवण तसंच टाकून उठला. पुढच्याच बोटीने वर्नेकाला घेऊन नासाउला गेला. दोष दोघांतही निघाला. तो तिला म्हणाला, "माझ्याकडून आलंय, पोरी. आता प्रत्येक तपासणीला मी बरोबर येणार." पहिल्याच तपासणीत तिला बारीक गाठ सापडली, हाताला लागलीही नसती अशी. ती काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात.

काल हार्कोर्ट आला. "ताई, होडी वर्नेकाच्या नावे लिही."

"आणि तुला काय?"

"मला साक्षीदार व्हायचंय. ज्याला काही मिळतं त्याने सही करायची नसते, वकील म्हणाला."

म्हणून कलम ३ रद्द. होडी वर्नेकाची. पिंडर मंडळींनी क्षमा करावी.

ठिकाण: लाँग आयलंड
तारीख: १४ मे २०२४
सही: इस्मे टर्नक्वेस्ट

साक्षीदार:
१. एलिशा नेअर्न, पाद्री
२. हार्कोर्ट टर्नक्वेस्ट, भाऊ. या मृत्युपत्रात त्याला काहीही मिळालेलं नाही.