गोदामातली भुतं

६ ऑक्टोबर

मुंगे,

अनेक आशीर्वाद. मोठ्यांनी द्यायचे असतात म्हणून दिले. मी ठीक आहे. तू ठीक नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून कशी आहेस हे विचारत शाई घालवत नाही.

काल तुझ्या लेकीचा फोन आला होता. म्हणाली, "आत्या, आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या की डोळे मिटून घेते. डाव्या हातात पेन दिलं तर फेकून दिलं. त्या बाई म्हणतात, जे काही परत यायचं ते आता पहिल्या काही महिन्यांतच येईल, मग नाही." एवढं सांगून रडायला लागली. मी म्हटलं, रडायचं तर फोन ठेवून रड, मला काम आहे.

आणि काम आहेच. थाप नाही.

पुठ्ठ्याची खोकी करणारा कारखाना आहे ना, पुलापलीकडे, त्यांचं काम घेतलंय. हॅलोविनची पार्टी. भुताखेतांची गं. सगळे कामगार, त्यांच्या बायका, नवरे, पोरंटोरं, सगळी त्या मोठ्या गोदामात. गोदाम केवढं, तर या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला कळायचं नाही. मॅनेजर तरुण आहे, सारखं घड्याळ बघतो. म्हणाला, "आजी, बजेट जरा टाइट आहे." मी म्हटलं, जरा म्हणजे किती? त्याने सांगितलं. मी म्हटलं, "साहेब, एवढ्यात भूत येत नाही. फार तर भुताची सावली येईल." तो हसला, आणि मी हो म्हणून बसले.

का हो म्हटलं ते विचारू नकोस. घरात बसून भिंती मोजू?

इतकी वर्षं लोकांची लग्नं, वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं आपण दोघींनी सजवली. डोकं तुझं, हात माझे. नणंद-भावजयीचं एका घरात जमत नाही म्हणतात, आणि माझा भाऊ गेल्यावरही आपण एका घरात राहिलो आणि एका कात्रीने कापलं. आता तुला अर्धांग झालं, लेक तुला तिच्या गावी घेऊन गेली, म्हणून मी काय हातावर हात धरून बसायचं? मला एकटीलाही येतं.

तर बेत असा. गोदामाच्या चारी भिंती वरपासून खालपर्यंत काळ्या कापडाने झाकायच्या. वरचे दिवे सगळे लख्ख चालू ठेवायचे, म्हणजे केलेलं दिसेल. भोपळे प्लास्टिकचे, चकचकीत. आणि दारात फुग्यांची कमान. केशरी फुगे.

तुझं काही म्हणणं असेल तर कळव. नसेल तर मी हे असंच करणार.

तुझी नणंद


१८ ऑक्टोबर

मुंगे,

आशीर्वाद वगैरे सगळं मागच्यासारखंच धर.

तुझं उत्तर नाही. टपालवाल्याला रोज विचारते. तो आता मला लांबून बघितलं की सायकल वळवतो.

लेक म्हणाली, पत्र वाचून दाखवलं. "फुग्यांचं ऐकल्यावर आईने डोळे उघडले, आत्या. पण मग परत मिटले." एवढंच? फुगे बघितले की तुझं डोकं उठायचं. त्या दागिन्यांच्या दुकानाच्या मालकाला तोंडावर म्हणाली होतीस, फुगेच लावायचे तर मला कशाला बोलावलं, फुंकर मारणारा बोलवा. ती बाई कुठे गेली?

ऐक. तो बेत खोटा होता. मी काय वेडी आहे? दिवे बंद ठेवायचे, कारण अंधार फुकट मिळतो, हे मला कोणी शिकवलं? सगळ्या भिंती झाकत बसायचं नाही, माणूस जिथे थांबतो तेवढंच सजवायचं, दार, जेवणाची रांग, फोटो काढायची जागा, हे सगळं मला पाठ आहे. तुला राग यावा म्हणून उलटं लिहिलं. राग आला की तू गप्प बसत नाहीस असा माझा समज होता.

पण आता खरंच घोडं अडलंय. ही थाप नाही, शप्पथ.

कारखान्यातली वाकडीतिकडी निघालेली खोकी फुकट मिळाली. त्यांची थडगी कापली, राखाडी रंग पाणी घालून फासला, दगडासारखी दिसतात. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या उभ्या चिरून दाराला पडदा केला. हॉटेलच्या लॉन्ड्रीतून फाटक्या चादरी आणल्या. लॉन्ड्रीवाला म्हणाला, घेऊन जा, मला टाकायला पैसे पडले असते. त्या चहाच्या पाण्यात बुडवून मळवल्या आणि त्यांची भुतं शिवली. डोक्यात रद्दीचे गोळे, खाली झिरमिळ्या. हातात धरली तर मलाच कसंतरी झालं, इतकी छान.

मग फोर्कलिफ्टवाल्याला धरलं. त्याने सगळी भुतं वर छतापर्यंत नेऊन टांगली. मी खाली उभी राहून बघितलं. तोही उतरून शेजारी उभा राहिला. मान वर करून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "छान. कोणाचे कपडे वाळत घातलेत?"

मी त्याला झापलं. पण खरं बोलला मेला. केवढं ते गोदाम, आणि वर ती फडकी लोंबतायत. दिवा इकडून लावून बघितला, तिकडून लावून बघितला. भुतं जवळजवळ बांधली, लांबलांब बांधली. एकाला तोंड काढलं, ते हसरंच झालं. मॅनेजर दिवसातून दोनदा येऊन उभा राहतो. त्याच्यावर वरच्या साहेबांचा डोळा आहे, बिचाऱ्याला रात्री झोप लागत नसेल. आज म्हणाला, "आजी, भीती कधी बसवणार?"

मी म्हटलं, "मला तर कधीच बसलीय."

घरी टिकत नाही मी. मशीनवर बसले की दोरा तुटतो. उठते, दारापर्यंत जाते, कशाला आले ते आठवत नाही, परत येते. भांडायला समोर कोणी नाही म्हणून कात्रीशी भांडते. काल दोन माणसांचा स्वयंपाक केला आणि मग रागाने दोन्ही वेळा तेच खाल्लं. लेक विचारते, आत्या, कधी येताय? काम आहे म्हणून सांगितलं. तूही तसंच समज.

आता सांग, त्या चादरींचं काय करू. बोलता येत नसेल तर रेघ मार. रेघ नसेल जमत तर लेकीला डोळ्यांनी सांग. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसे धरले समज. पण काहीतरी कळव.

तुझी नणंद


२४ ऑक्टोबर

मुंगे,

कागद मिळाला.

"गाढव तुम्ही."

केवढं ते अक्षर! पहिला ग कागदाच्या मधोमध, आणि ढ घसरत कडेला गेलाय, पडता पडता राहिलाय. डाव्या हाताचं आहे हे लेकीने सांगायची गरज नव्हती. आणि शिवी देतानाही तुम्ही! अहोजाहो काही सुटलं नाही तुझं. दारात उभी राहून इतकी हसले की शेजारीण बाहेर आली. "काय झालं हो?" मी म्हटलं, भावजयीने मला गाढव म्हटलं. "मग हसता काय?" म्हणाली. तिला काय सांगणार.

लेक म्हणते, अडला हरीपर्यंत पोचल्यावर तू पलंगावर हात आपटलास. पेन मागून घेतलंस. अर्धी दुपार गेली. दोन कागद फाडलेस. तिने मदतीला हात धरला तर तिलाही ढकललंस.

बरं केलंस.

आणि त्याच्याखाली तो एकच शब्द, "खाली."

कळलं. निघाले.

तुझी नणंद


१ नोव्हेंबर

मुंगे,

आशीर्वाद. आज मनापासून.

झाली एकदाची पार्टी. सविस्तर सांगते, लेकीला म्हणावं दमलीस तरी थांबायचं नाही.

तुझा कागद घेऊन तशीच गोदामात गेले. फोर्कलिफ्टवाल्याला म्हटलं, सगळी खाली उतरव. तो म्हणाला, "आजी, वर चढवायला मीच, उतरवायला मीच, माझं काय वैर आहे तुमच्याशी?" पण उतरवली. मग मी भुतं टांगलीच नाहीत. खोक्यांच्या थडग्यांमागे बसवली. पोरांच्या उंचीची. एक गुडघ्यात मान घालून बसलेलं, एक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं. जेवणाची रांग जिथे वळते तिथे एकच, अगदी जमिनीलगत, नुसतं डोकं आणि एक हात, मागे साधा टॉर्च. बाकी सगळे दिवे बंद. एवढं मोठं गोदाम, पण अंधारात त्याचं टोकच कळेना. मला वाटलं होतं गोदाम केवढं मोठं, कसं भरायचं. तू ओळखलंस की भरायचंच नव्हतं.

वर कोण बघतं गं? रांगेतला माणूस ताटाकडे बघतो, आई पोराकडे बघते, पोर पायाकडे. मी सोडून सगळ्यांना खालीच बघायचं असतं.

पहिला बळी मॅनेजर. पाहुण्यांच्या आधी एक चक्कर मारतो म्हणाला, हातात कागदी पेल्यांची चळत. वळणावर गेला आणि आतून असा आवाज आला की मला वाटलं खरंच कोणीतरी गेलं. पेले सगळीकडे. बाहेर येऊन छातीवर हात ठेवून म्हणाला, "आजी, तिथे कोणीतरी बसलंय." मी म्हटलं, चादर आहे, साहेब. "माहीत आहे हो," म्हणाला, "तरीपण." आणि मग दोघे मिळून पेले गोळा केले. वरच्या साहेबांच्या बायकोने तर नवऱ्याचा दंड असा धरला की त्याला जेवता येईना. पोरं ओरडत पळायची आणि परत रांगेत येऊन उभी राहायची. भूक कोणाला होती!

मॅनेजर निघताना म्हणाला, "ही खाली बसवायची कल्पना कोणाची?" मी म्हटलं, माझ्या भावजयीची. "त्या आल्या नाहीत?" मी म्हटलं, "दुसऱ्या गावी असतात. कामात आहेत."

आता माझं काम संपलं, मुंगे. आता लेकीला काय सांगायचं?

खरं ते सांगते. काम होतं म्हणून मी आले नाही असं नाही. यायला लागू नये म्हणून काम घेतलं. दवाखान्यातून लेकीच्या गाडीत तुला बसवलं, तेव्हा काच खाली करून तू मला काहीतरी म्हणालीस. मला कळलं नाही. मी हो हो म्हटलं. तू परत तेच म्हणालीस. मी परत हो हो. तू माझ्याकडे नुसती बघत राहिलीस आणि गाडी गेली. मी रस्त्यात उभी. तुझ्या तोंडून अर्धा शब्द निघाला की मी कात्री उचलायचे, दुकानदार म्हणायचे या बायका बोलतात कधी. आणि तेव्हा पूर्ण वाक्य दोनदा ऐकून मला एक अक्षर समजलं नाही. मला वाटलं, आता असंच राहणार. तू बोलणार, मी मान हलवणार. त्यापेक्षा नकोच जायला. भिंतीकडे तोंड तू एकटीनेच केलं नव्हतंस.

काय म्हणाली होतीस गं?

सहा तारखेला सकाळच्या गाडीने येते. परत सांग. नाही कळलं तर नाही कळलं म्हणेन, हो हो करणार नाही. पुन्हा सांग म्हणेन. तू चिडशील. चीड. लिहून दाखव, आपट हात, शिव्या दे, मला चालतं.

एक अट आहे. लेक म्हणते, काठी घेऊन पलंगापासून खुर्चीपर्यंत गेलीस. खुर्चीपासून दार काही परगावी नाही. मी बेल वाजवली की दार तू उघडायचं. लेकीला बजावून ठेवलंय, तिने मध्ये यायचं नाही, हात द्यायचा नाही, "आत्या, थांबा हां" असं आतून ओरडायचंही नाही. सावकाश ये. पडलीस तर बघ. मला कशाचा धीर नाही हे जगाला माहीत आहे, पण बेल मी एकदाच वाजवणार.

दाराबाहेर उभी,
तुझी वन्सं